चकचकीत डाग

तोंडावर सगळे त्यांना काकू म्हणत. पाठ वळली की खरवडकाकू. हातात छोटं पातं, कपाळावर सरकवलेलं भिंग, आणि समोर येईल ती वस्तू खरवडून बघायची खोड. भाच्याने नवा चहाचा कप आणला तर काकूंनी आधी त्याच्या कडेचा सोनेरी रंग खरवडला आणि मग चहा प्यायल्या. तोही बशीतून.

भाचा म्हणजे कारखान्याचा मालक. कारखाना म्हणजे दोन लांब खोल्या, आणि माल म्हणजे दारावरच्या घंट्या. बटण दाबलं की आत चिमणी ओरडायची. समुद्रापलीकडच्या एका दुकानदाराला ही चिमणी फार आवडली. पण घंटीच्या पाठीवर त्याच्या देशातली ठरावीक दोन अक्षरांची खूण असेल तरच घेईन, म्हणाला. ही खूण कुणी साहेब येऊन लावत नाही. बनवणाऱ्याने स्वतः तपासायचं, शिसं, पारा, कॅडमियम असलं विषारी काही मर्यादेबाहेर नाही याची खात्री करायची आणि खाली सही ठोकायची.

"म्हणजे आपणच आपल्याला पास करायचं?" भाचा हरखला.

"आणि नापास झालो तर आपणच आपला कान धरायचा," काकू म्हणाल्या. कारखान्यात तपासणी त्यांच्याकडे, म्हणून सहीही त्यांचीच होती.

भाच्याने खुणेची लेबलं छापून, चिकटवूनसुद्धा टाकली. परीक्षेआधी पेढे वाटायची त्याची जुनी सवय. काकूंनी मात्र पाच नमुने मागितले. चार नवे आणि एक वापरलेला. वापरलेला त्यांच्याच घराच्या दारावर होता. तो त्या सकाळी उतरवून पिशवीतून घेऊन आल्या. भाच्याने मदत म्हणून पाचही घंट्या उघडल्या आणि आतल्या तारा जोडलेल्या पट्ट्या एकाच ताटात ओतल्या.

"कुठली कुठल्या घंटीतली, लिहिलंस का?"

"सगळ्या सारख्याच तर आहेत, मावशी!"

काकूंनी एक सुस्कारा सोडला आणि खरवडायला बसल्या. तारेचं वेष्टण वेगळं, बटणाचा रंग वेगळा, तारा जोडणारा प्रत्येक डाग वेगळा. प्रत्येकाचा कण तपासणीच्या यंत्राखाली. संपूर्ण घंटीचं वजन धरून शिशाचा हिशेब करायची सोय या नियमात नाही. मुंगीएवढ्या डागाला मुंगीएवढीच सूट. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका डागावर यंत्राने शिशाचा असा आकडा दाखवला, की काकूंनी काच पुसून पुन्हा पाहिला. तेवढाच.

कारखान्यात डाग देणारा माणूस एकच, तात्या. वयाने काकूंहून मोठे, पण काकूच म्हणायचे. डाग देताना वितळवायच्या, शिसं घातलेल्या जुन्या तारेवर त्यांचा हात बसलेला. नवी बिनशिशाची तार त्यांना मुळीच आवडत नसे. "ही वितळते तीसुद्धा नाराजीने," असं ते रोज एकदा म्हणत. "जुना डाग कसा, पाण्याच्या थेंबासारखा चमकायचा. हा बघा, तोंड पाडून बसलाय."

झालं. काकू ताट घेऊन तात्यांच्या टेबलाशी गेल्या.

"तात्या, जुनी तार कुठे लपवून ठेवलीत?"

"कुठली तार?"

"जिच्यासाठी रोज गळा काढता ती. सवय सुटत नसेल तर तसं सांगा, पण माझ्या सहीखाली विष घालू नका."

खोलीतले सगळे पंखे अचानक जास्त आवाज करायला लागले. तात्यांनी तापलेली कावीळ… म्हणजे त्यांची ती तापणारी कांडी, भाचा चिडवून तिला कावीळ म्हणायचा कारण तिची मूठ पिवळी होती, ती स्टँडवर नीट ठेवली. चष्मा खिशात घातला.

"आयुष्यभर डाग देत आलो, काकू. लावून घेतला नव्हता," ते म्हणाले आणि निघून गेले.

भाचा धावत आला. "मावशी, तात्या गेले तर उरलेल्या घंट्या कोण जोडणार? मी?"

"नको," काकू पटकन म्हणाल्या. "चिमणीऐवजी गाढव ओरडेल."

पण विनोद त्यांचा त्यांनाच रुचला नाही. तात्यांचं ते वाक्य कानातून जाईना. त्यांनी भिंग डोळ्यावर ओढलं आणि तो डाग पहिल्यांदा नीट बघितला. आकडा पाहिला होता, डाग पाहिलाच नव्हता. बाकी सगळे मळकट, हा एकटा चकचकीत. शिवाय त्याला डावीकडे वळलेलं एक बारीक शेपूट.

तात्यांच्या डागाला शेपूट नसतं. काकूंच्या घरातल्या रेडिओला आहे, इस्त्रीला आहे, टॉर्चला आहे.

काकूंनी घरी फोन लावला. "अहो, दारावरच्या घंटीला हात लावला होतात?"

"अगं, एक तार सुटली होती," काका खुशीत म्हणाले. रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून त्यांना कुणी काम सांगत नसे. "मी जोडली. माझ्या जुन्या रिळातून. कशी झाली?"

"चकचकीत," काकू म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

चारही नव्या घंट्या निर्दोष निघाल्या. सही करायला आता काही हरकत नव्हती; भाच्याने पेन उघडून हातातसुद्धा दिलं. काकूंनी ते टोपण लावून परत केलं. "आधी तात्या."

तात्या घराच्या पायरीवर बसले होते. काकूंनी आडवळण घेतलं नाही. "चूक माझी. डाग आमच्या ह्यांचा निघाला. तुमच्यावर उगाच लावला, सगळ्यांसमोर. उद्या सगळ्यांसमोरच पुसते."

तात्यांनी हळूच विचारलं, "रीळ अजून आहे त्यांच्याकडे?"

"आहे. का?"

"एक डाग देऊ द्या. एकच. मग येतो."

काकूंनी डोळे वटारले, वटारलेले ठेवले, आणि शेवटी म्हणाल्या, "खिडकी उघडी ठेवून. नंतर साबणाने हात धुवायचे. दोघांनी."

संध्याकाळी काकूंच्या जेवणाच्या टेबलावर, जुना कागद पसरून, तात्या आणि काका त्या पाचव्या घंटीवर वाकले होते. "शेपूट कशाला ठेवता हो?" तात्या विचारत होते. "ती माझी सही आहे," काका सांगत होते.

काकूंनी घंटीचं झाकण उचललं आणि पात्याने त्याच्या पाठीवर भाच्याने मदत म्हणून चिकटवलेलं दोन अक्षरांचं लेबल खरवडून काढलं, कणसुद्धा न ठेवता. मग दुसऱ्या दिवशीच्या सहीसाठी पेन पर्समध्ये टाकलं.

घंटीत चिमणी ओरडली. टेबलाशी दोन म्हातारे टाळ्या देत होते.

"हात!" काकू ओरडल्या. "आधी हात धुवा!"