तिरकी घडी

छापून झालेली माझी पत्रकं न्यायला मी छापखान्यात गेलो, तेव्हा बायंडिंगच्या कामावर लागायला आलेली सुरेखा कागद दुमडून दाखवत होती. घडी तिरकी पडली.

"तीन वर्षांचा अनुभव म्हणालीस ना?" मालक दामूकाकांनी विचारलं. तिने ठामपणे मान हलवली.

काकांनी सुस्कारा सोडला. पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्याच्या पगारातला काही वाटा सरकार देणार, असा योजनेचा कागद त्यांच्यापुढे होता. "याच आधारावर माणूस ठेवणार होतो. तू यात बसत नाहीस."

सुरेखाचा चेहरा लाल झाला. "काका, मी कुठेच नव्हते हो! अनुभव नाही म्हटलं की सगळे दारातूनच परत पाठवतात."

"अगं, मग आधी बोलायचं नाही का!" काकांनी तिचा आधार नंबर घेऊन संगणकावर पीएफचं जुनं खातं शोधलं. सापडलं नाही, म्हणजे ही तिची खरंच पहिली नोकरी. दोघंही हसत सुटले.

मी मात्र माझ्या पत्रकाकडे पाहत राहिलो. त्यात मी बेरोजगारीवरून सरकारवर आणि मालकांवर तुटून पडलो होतो, आणि त्यातला शब्दही मी मागे घेणार नाही. पण कोऱ्या पाटीची लाज वाटायला आपण जिला शिकवलं, त्या मुलीबद्दल त्यात एक ओळ नव्हती. कोरेपणालाच पात्रता म्हणणारा कागद मी पहिल्यांदा पाहत होतो.

"आणि ती तीन वर्षं?" तिने भीतभीत विचारलं.

"ती आता इथे काढ." काकांनी माझा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. "या पत्रकांच्या घड्या घाल. तिरक्या पडल्या तरी हा ओरडणार नाही."