आईनं दाखवलेला कातळ

तो कातळ आईनंच दाखवला, याचाच मला अजून संताप येतो. भाजे गावाच्या वर, डोंगरात आमची वाडी. पुण्याहून एक साहेब आले, मशीन बसवायला पक्का खडक हवा म्हणाले. आमच्या घराच्या अगदी डोक्यावरचा, नाचणी वाळवायचा कातळ आईनं हातानं थापटून दाखवला. "ह्यो घ्या. माजी सासूबी हितंच वाळवन घालायची. जल्मात हलला न्हाई."

त्यांनी त्यात खांब रोवला, वर पांढऱ्या टोपीसारखी अँटेना बसवली. उपग्रहांचे सिग्नल पकडून खांब कुठवर सरकला ते मशीन मिलिमीटरमध्ये मोजायचं. सगळा देशच वर्षाला दोन-तीन बोटं ईशान्येकडं सरकतो म्हणे. भोवतालचं गवत काढायचं, सोलरची काच पुसायची, हे काम माझ्याकडं. सहा वर्षं मी ती काच पोरीच्या तोंडासारखी पुसली.

यंदा साहेब आले ते नट खोलायचे पाने घेऊनच, आणि मशीन उतरवायला लागले. का, तर देश चाललाय एकीकडं आणि आमचा कातळ निघालाय उताराला, वाडीवर. "इथला खडक भरवशाचा नाही, ताई. मशीनला धोका आहे. दुसरी जागा बघितलीय."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "मशीनला धोका? अन् खाली आम्ही झोपतो त्याचं काय?"

"ते आमच्याकडं येत नाही." खाली बघत बोलले, पण बोलले.

मी वाटेतच बसले. म्हटलं, कातळ सरकतोय असं लिहून द्या, त्याशिवाय मशीन हलू देणार नाही. माणूस वाईट नव्हता. शब्द दिला, आणि चार दिवसांनी छापील आलेख पाठवलाही. तो घेऊन मी तहसील कचेरीत गेले. खालच्या सपाटीला घरापुरती जागा द्या, एवढंच मागणं होतं. कारकुनानं चष्मा सावरून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "बाई, यात तर लिहिलंय, 'जागा अस्थिर, नोंदी अभ्यासातून वगळल्या.' वगळलेल्याचा पुरावा कसा धरायचा?"

अरे, अस्थिर आहे म्हणूनच तर आलेय ना मी! घसा फुटेस्तोवर सांगितलं. त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी आले तर आई कातळावरच, उरलेल्या खांबाभोवती नाचणी पसरत होती. सगळं ऐकलं आणि हातातलं सूप आपटलं.

"म्हंजी मशीन हलवलं, आन् आमाला वगळलं!"