आज्जांच्या बंदुकीचा पट्टा

कापड नुसतं हातात घेतलं की त्याचं वय मला कळतं. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरींच्या कारखान्यात मी सुपरवायझर म्हणून जन्म काढला. त्यामुळे माझा मेहुणा शिवानंद याने माळ्यावरची जुनी ट्रंक उघडल्यावर पहिला फोन मला केला, यात नवल नव्हतं.

"दाजी, लगेच या! आमच्या आज्जांच्या ट्रंकेत कसला तरी पट्टा गावलाय!"

शिवानंद नव्या बंगल्यात सामान हलवत होता. मी पोचलो तेव्हा त्याची बायको महानंदा तो पट्टा घेऊन चिंच भिजवायच्या तयारीत होती. खाकी, जाड विणीचा, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. त्या टोप्या तिला लख्ख करायच्या होत्या.

"थांबा!" मी ओरडलो. "इतिहास धुऊन जाईल!"

महानंदाच्या हातातली चिंच खाली पडली. मी पट्टा ताब्यात घेतला, खिशातलं भिंग काढलं (होय, मी भिंग बाळगतो) आणि निकाल दिला, "हा रायफलचा पट्टा आहे. बंदूक खांद्याला अडकवायचा."

इथपर्यंत मी बरोबर होतो. इथंच मी घरी जायला हवं होतं.

"पण कुठला? किती जुना?" शिवानंदने विचारलं.

मी वीण पाहिली, धागा ओढून पाहिला, वासही घेतला. "विलायती. असली घट्ट वीण आपल्याकडं होत नाही." मग भिंगातून टोपीजवळचा पुसट शिक्का पाहिला. एक बाण आणि पुढं इंग्रजी आकडे, एक आणि नऊ. "बघ! एकोणीस! म्हणजे एकोणीसशे काहीतरी. पुढचे दोन आकडे झिजलेत. तिथं चौदा ते अठरा यांतलं काहीतरी असणार. पहिलं महायुद्ध!"

"आणि बाण असा खाली का हाय?"

ह्याचं उत्तर मला माहीत नव्हतं. पण मी आजवर कुठलाही प्रश्न तसाच सोडलेला नाही. "खाली बाण म्हणजे पायदळ," मी म्हणालो. "वर असता तर विमानदळ."

शिवानंदचे डोळे भरून आले. कारण त्यांच्या घरात एक वाक्य पिढ्यान्पिढ्या चालत आलं होतं, लढाईच्या वेळी आज्जा गाव सोडून गेले ते वर्षभर परतले नाहीत. कुठं गेले, का गेले, कुणी सांगितलं नव्हतं. आता पट्ट्यानेच सांगितलं होतं! मोबाईलवर शोधलं, तर त्या युद्धातल्या पट्ट्याचा फोटोही तंतोतंत तसाच निघाला. (तसलाच पट्टा पुढं कित्येक दशकं बनत होता, हेही त्या पानावर खाली लिहिलं होतं. पण खालपर्यंत कोण वाचतं?)

घरी आल्यावर बायकोने शंका काढली. "अहो, नक्की का? अव्वाला एक फोन करून विचारा की."

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. त्या तेव्हा थोरल्या लेकीकडे नातेपुत्याला होत्या.

"अव्वांना बंदुकीतलं काय कळणार, सुनंदा?" मी म्हणालो आणि हसलोसुद्धा.

बघता बघता प्रकरण वाढलं. पट्टा काचेच्या चौकटीत गेला. आज्जांच्या फोटोतल्या फेट्याखाली कुणीतरी रंगवून मिशा जास्त झुपकेदार केल्या. वास्तुशांतीच्या पत्रिकेवर 'पहिल्या महायुद्धातील शूर सैनिक कै. गुरुबसप्पा यांच्या स्मरणार्थ' असं सोनेरी अक्षरात आलं. पाहुण्यांपुढं भाषण कुणी करायचं हा प्रश्नच नव्हता.

वास्तुशांतीला हॉल भरून गेला. मी चौकटीशेजारी उभा राहिलो आणि सुरू केलं. वाळवंट, उंट, तोफा, खंदक! खांद्याला हाच पट्टा, डोळ्यांपुढं गाव! एका वळणावर मी आज्जांना पायाला गोळीही लावली. मागच्या रांगेतल्या बायका पदराने डोळे टिपू लागल्या, तशी मी दुसरी गोळी लावली.

तेवढ्यात अव्वा आल्या. नातेपुत्याहून निघायला उशीर झाला होता. हातात छत्री, कपाळावर विभूती, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी शांतपणे दुसरी गोळी लागेपर्यंत ऐकून घेतलं.

"जावईबापू, कुणाबद्दल चाललंय?"

"तुमच्या मामंजींबद्दल, अव्वा! महायुद्धात गेले होते ना!"

"मामंजी? लढाईला?" अव्वा खुर्चीत बसल्या. "भरतीवाले गावात येणार म्हणून ते पळून केम गावाला भैनीकडं जाऊन बसले हुते की! वर्षभर तितंच. मला सासूबाईंनी सांगितलं हुतं."

शिवानंद माझ्याकडे बघत होता. मी आज्जांच्या मिशांकडे बघत होतो.

"मग... मग हा पट्टा, अव्वा?" शिवानंदने कसंबसं विचारलं.

"त्यो माजा हाय."

"काय?"

"कॉलेजात एनसीसीत हुते मी. नेमबाजीत पैली आले. पट्टा जुना झाला म्हणून काढून टाकणार हुते, तर नेमबाजी शिकवणाऱ्या उस्तादांनी आठवण म्हणून मला दिला." त्यांनी चौकटीकडे नीट पाहिलं. "आणि ह्यो उलटा का लावलाय? शिक्का सरळ करून बगा की."

शिवानंदने चौकट भिंतीवरून उतरवून फिरवली. बाण वर गेला. एकोणीसचे एकसष्ट झाले, म्हणजे साल एकोणीसशे एकसष्ट. आणि खालची बारीक अक्षरं, जी मी विणीतली गाठ समजलो होतो, ती 'इंडिया' अशी स्वच्छ वाचता आली!

"अव्वा, आम्हाला कधी सांगितलं नाहीस गं!" सुनंदा म्हणाली.

"लग्न झाल्यावर कुणी इचारलंच न्हाय. मग मीबी ट्रंकेत ठिवून दिला."

पट्टा बाहेर निघाला. अव्वांनी तो छत्रीला बांधून घेतला, डाव्या दंडात अडकवून एक वेढा दिला, गालाला छत्री टेकवली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण हात तसूभर हलेना! "श्वास धरायचा," त्या म्हणाल्या, "आणि मग चाप. घाई करायची न्हाय." छत्रीचं टोक सरळ माझ्या छातीवर होतं. मी नकळत दोन्ही हात वर केले.

असल्या टाळ्या माझ्या भाषणाला पडल्या नव्हत्या. महानंदा तर धावत जाऊन सासूच्या गळ्यातच पडली.

आता त्या चौकटीत अव्वांचा छत्री रोखलेला फोटो आहे, खाली पट्टा, बाण वर. आज्जांना त्यांच्या मूळ मिशा परत मिळाल्या.

माझा सल्ला शिवानंद अजूनही घेतो. परवा त्याने एक पितळी समई आणली. मी भिंग लावलं, घडण पाहिली, काजळी हुंगली आणि छातीठोकपणे सांगितलं, "शंभर वर्षं. कमी नाही!" त्याने समई उलटी केली. बुडाला बारकोड चिकटवलेला होता.

पण मीही हटलो नाही. तो बारकोडसुद्धा बऱ्यापैकी जुना वाटत होता!