खाचरातला पूल

पुण्याजवळ मुळशीत, रिहे खोऱ्यातल्या आमच्या सुट्टीच्या घरामागे स्विमिंग पूल बांधायचं ठरलं तेव्हा माझा साफ विरोध होता. मी लातूरकडची. टँकरचा हॉर्न वाजला की वही टाकून घागर उचलणाऱ्यांतली. पोहण्यासाठी एवढं पाणी साठवून ठेवायचं हा मला निव्वळ माज वाटायचा. नवऱ्याला मात्र ऑफिसातल्या मित्रांसमोर मिरवायचं होतं. त्याने भाताचं खाचर विकत घेतलं, त्यात फायबरची तयार टाकी पुरून घेतली आणि दोन उन्हाळे हौसेने मिरवलं. मग एका जानेवारीत त्याला पक्षाघात झाला, आणि ज्या पुलाला मी येता-जाता नावं ठेवायचे त्याच्याच भरवशावर आमचं घर उभं राहिलं.

जमिनीवर त्याची उजवी बाजू म्हणजे भिजलेलं पोतं. पाण्यात मात्र तो उभा राहायचा. पुण्यातल्या पोहण्याच्या तलाववाल्यांनी त्याला बघून हात जोडले, म्हणून आम्ही शहरातला फ्लॅट बंद करून इथेच राहायला आलो. उन्हाळ्यात तो गळ्याइतक्या पाण्यात उभा राहिला, पावसाची उघडीप मिळेल तेव्हा छातीइतक्या. पुलाचा तळ उताराचा होता. उथळ बाजूला एक पाऊल सरकलं की पाणी कमी व्हायचं आणि त्याच्या पायांवरचा भार वाढायचा. दसऱ्याच्या सुमारास तो कमरेइतक्या पाण्यात कठडा सोडून उभा राहिला. मी मागे हात पसरून उभी होते आणि चक्क रडत होते. घरी येणारी फिजिओथेरपिस्ट म्हणाली, आता गुडघ्याइतकं पाणी, आणि मग जमीन. पण डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की जे परत यायचं ते पहिल्या वर्ष-दीड वर्षात येतं, त्यानंतर फार आशा धरू नका. म्हणजे आमच्या हातात पुढचा एक उन्हाळा होता.

दिवाळीनंतर मुळशीची थंडी पडली. पाण्यात उतरवलं की त्याचा पाय लाकडासारखा ताठ व्हायचा. पाणी तापवायचं यंत्र आमच्याकडच्या विजेवर चालेना. होळीपर्यंत पलंगावरच व्यायाम करायचा आणि तोवर पूल जपायचा, असं ठरलं.

जपायचा म्हणजे कसा, हे मला कुठे माहीत होतं? आदल्या हिवाळ्यात तो दवाखान्यात असताना पुलाकडे कोणी फिरकलं नव्हतं. सागाची पानं पडून कुजली आणि पाणी काळ्या चहासारखं झालं. ते नितळ व्हायला निम्मा उन्हाळा गेला होता. या वेळी तेवढे दिवस वाया घालवणं मला परवडणार नव्हतं. टाकी बसवून देणारा पूलवाला दिवाळीला गावी गेलेला, फोन उचलेना. ज्यांच्याकडून खाचर घेतलं ते काका शेजारीच राहतात. त्यांचं भात नुकतंच झोडून झालं होतं. मी त्यांनाच विचारलं.

"ताई, पानी काढून टाका की," ते म्हणाले. "भात पिवळं पडलं की आमी बांध फोडून खाचर मोकळं करतो, तसंच हाय हे. धुवून, झाकून ठिवा. होळीला ताजं भरा. पाला न्हाई, शेवाळ न्हाई."

मला ते अगदी पटलं. त्यांनी स्वतः मोटर लावून पाणी ओढ्यात सोडलं, टाकी घासून काढली. पिरंगुटहून मी ताडपत्री आणली, काकांनी ती दोरीने ताणून बांधली. इतकं नीटनेटकं काम झालेलं बघून मला त्या रात्री गाढ झोप लागली.

नवरा पलंगावर पाय उचलायचा प्रयत्न करायचा. त्याला अजून मोजकेच शब्द यायचे. पाय जरा वर आला की तो घामाघूम होऊन म्हणायचा, "होळी." त्या हिवाळ्यात आम्ही त्या एका शब्दावर जगलो.

मग एका सकाळी ताडपत्री मधोमध वर आलेली दिसली. वारा शिरला असेल म्हणून मी दोरी सोडली. खाली वारा नव्हताच. टाकीचा तळ वर उचलला गेला होता, कडेच्या फरशा उखडल्या होत्या आणि फायबर आडवं चिरलं होतं.

या वेळी पूलवाला आला. खाचराच्या पोटात पावसाचं पाणी हिवाळाभर असतं, तो म्हणाला. आतल्या पाण्याचं वजनच टाकीला दाबून धरतं. रिकामी केली की खालचं पाणी तिला वर ढकलतं. पूल भरलेलाच ठेवून नुसता झाकायचा होता. ही टाकी गेली. नवीन बसवायची तर सगळं उकरायला हवं, आणि जमीन सुकल्याशिवाय मशीन आत येणार नाही. पावसाळ्याआधी काही होईल असं तो म्हणेना. तेव्हा फोन का उचलला नाहीस म्हणून मी त्याच्यावर इतकी ओरडले की तो चहाला हात न लावता निघून गेला.

काका चिरेजवळ उकिडवे बसले. "खाचरात असं कदी व्हत न्हाई," एवढंच म्हणाले. त्यांना बोल लावायला मला तोंड नव्हतं. हो म्हणणारी मीच होते.

नवऱ्याला मी काही दिवस सांगितलंच नाही. त्याने खिडकीकडे बोट केलं की मी म्हणायचे, झाकलाय. पण एकदा फिजिओथेरपिस्टसमोर त्याने पाय पूर्वी कधी नव्हता तेवढा वर उचलला, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "होळी." मला ते सहन होईना. ती गेल्यावर मी पलंगाच्या कडेला बसले आणि सांगून टाकलं. पूल फुटला. माझ्यामुळे फुटला. या उन्हाळ्यात पाणी नाही.

तो एकेक शब्द जुळवत म्हणाला, "मी... उभा... राहायचो ना?"

"हो."

"कठडा... सोडून?"

"कठडा सोडून," मी म्हणाले. "मी स्वतः बघितलंय."

त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टची गाडी फाटकाशी थांबली तेव्हा त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी बाहेर गेले आणि तिला तिथूनच परत पाठवलं.