डावं बरं की उजवं

यांचा फोन आला तेव्हा मी वन्संच्या खोलीत बसून एकच गाणं परत परत ऐकत होते. एका वेळी एकाच बाजूचा स्पीकर ऐकवणारं ते बॅलन्सचं बटण आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे... वन्संना पालघरच्या दवाखान्यात ठेवलं होतं आणि मी भेटायला गेले तर त्यांनी मलाच पिटाळलं होतं. "माझ्याजवळ बसून काय करणार हायस? मनोहर हाय ना. तू घरी जा नि ऐक." मनोहर म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, माझे यजमान. म्हणून मी ऐकत होते. फोनवर हे एवढंच म्हणाले, "ताई गेली गं." मी गाणं बंद केलं नाही, मला ते सुचलंच नाही. गाणं संपलं, प्लेअरमधली डिस्क फिरायची थांबली, आणि मग ध्यानात आलं की वन्संनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेच राहिलंय.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, प्रतिभाताई. राहणार माहीम, पालघरजवळचं, मुंबईचं नव्हे, हे आम्हाला जन्मभर प्रत्येकाला सांगावं लागतं. लग्न केलं नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या एका कारखान्यात मीटर आणि गेज तपासायच्या विभागात नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या खोलीत जुने सीडी प्लेअर उघडून बसल्या. दुरुस्तीसाठी नव्हे. "बिघडलेलं कुणीपन उघडील," त्या म्हणायच्या, "चालू हाय ते उघडायला जिगर लागते." चांगला वाजणारा प्लेअर उघडायचा, आतले काही भाग बदलायचे आणि तो आणखी चांगला वाजतो का ते बघायचं, हा त्यांचा उद्योग. गाणी फोनवर आली, नव्या गाड्यांतून सीडीची फट गेली, आणि ही बाई कुणाच्या माळ्यावरची डबडी गोळा करते याचं सगळ्या आळीला नवल होतं. मलाही होतं. फरक एवढाच की मला ते जवळून बघायला मिळालं.

आमची पानवेलीची वाडी होती तेव्हा ती खोली विड्याची पानं निवडायला वापरायचे. वेली केव्हाच गेल्या, पण पावसाळ्यात भिंतींना अजून ओल्या पानांचा वास येतो. असल्या दमट खोलीत वन्संनी भागांचं कपाट ठेवलं आणि त्यात एक छोटा बल्ब कायम पेटता ठेवला, आतली हवा कोरडी राहावी म्हणून. कपाट उघडलं की आतून उबदार पिवळा उजेड यायचा आणि सोल्डर करताना येतो तो राळेचा वास. मी त्याला देव्हारा म्हणायचे. वन्सं म्हणायच्या, "म्हन, पन फुलं वाहू नको, पानी सांडेल."

प्लेअर कुठून आलाय हे मालकाला विचारायच्या आधीच त्या सांगायच्या. झाकण काढून आत बघायचं आणि म्हणायचं, "हा किनाऱ्यावरचा, मुरब्याचा नाय तर सातपाटीचा." मला आधी वाटलं थापा मारताहेत. मग एकदा दोन प्लेअर शेजारी ठेवून त्यांनी मला दाखवलं. समुद्राकाठच्या घरात राहिलेल्या प्लेअरमध्ये तांब्यावर हिरवट बुरशीसारखं चढलेलं असतं, खाऱ्या वाऱ्यानं. बोईसरच्या खोल्यांमधून आलेल्यात तेच तांबं काळं पडलेलं असतं, तिथल्या कारखान्यांच्या हवेनं. "आनि सफाळ्याचा?" मी विचारलं, कारण माझं माहेर सफाळ्याचं. "सफाळ्याच्यात झुरळं," वन्सं म्हणाल्या. माहेरावरून टोमणा मारायची संधी त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. पण त्या दिवसापासून झाकण उघडताना मी आपणहून जवळ जाऊन बसायला लागले. आपण जी हवा खातो तीच ही यंत्रंही खातात, आणि त्यांच्या पोटात ती दिसते, याचं मला फार कुतूहल वाटे.

बोईसरहून एकदा एक कामगार आला होता, बिहारचा. खांद्यावर टॉवेल, टॉवेलात गुंडाळलेला प्लेअर. "दीदी, बास बढ़ा दो." त्याला खालचा घुमणारा आवाज वाढवून हवा होता. वन्संनी त्याच्यासमोर चहा ठेवला. "मैं कुछ बढ़ाती नहीं. अंदर का कचरा निकालती हूँ. फिर जो बचेगा, वो तुम्हारा." तो बिचारा चहा पिता पिता माझ्याकडे बघत राहिला, ही बाई नक्की काय करणार म्हणून. मलाही तेव्हा सांगता आलं नसतं. आता थोडं येतं. डिस्कवरचे आकडे वाचून आवाज तयार झाला की तो बाहेर पडायच्या आधी काही छोट्या भागांतून जातो, आणि कंपनीनं तिथं बऱ्याचदा स्वस्तातले भाग घातलेले असतात. वन्सं ते काढून चांगले घालायच्या. तो माणूस पुढं प्लेअर न्यायला आला, एक गाणं पुरं ऐकलं आणि म्हणाला, "बास तो उतना ही है दीदी, पर आदमी पास आ गया." वन्सं दिवसभर खुशीत होत्या.

त्यांची काम करायची रीत मात्र जगावेगळी होती. एका वेळी एकच बाजू. डावीकडचे भाग बदलायचे, उजवीकडचे कंपनीचे तसेच ठेवायचे. मग अगदी जुन्या काळचं एखादं गाणं लावायचं, ज्यात दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत तेच येतं, आणि बटण फिरवून डावं-उजवं ताडून बघायचं. या कामाला त्यांनी मला बसवलं. मला ना सुरातलं कळत, ना यंत्रातलं. तेच त्यांना हवं होतं. मी म्हणायचे, "हे जरा कच्चं राह्यलंय," किंवा "याला मीठ नाय," आणि त्या समाधानानं मान हलवायच्या. पण पहिल्या दिवशी सांगितलेलं त्या मुळीच ऐकून घ्यायच्या नाहीत. नवं ते पहिल्या दिवशी गोडच लागतं, चार दिवस ऐक, मग सांग. "भाग बसायला चार दिवस लागतात की कान बसायला, ते मला अजून कळलं नाय," असंही म्हणायच्या. आणि माझं उत्तर येईपर्यंत काढलेले जुने भाग गोळ्यांच्या रिकाम्या डबीत जपून ठेवायच्या. उत्तर "जुनं बरं" असं आलं तर नवं काढायचं आणि जुनं परत बसवायचं, मग नवं कितीही भारी का असेना.

हा नियम नुसता बोलायचा नव्हता. एका वर्षी गणपतीसाठी खोली रिकामी केली आणि यांनी सगळं परत लावताना प्लेअरमागच्या वायरी उलटसुलट जोडल्या. म्हणजे डावं उजवीकडून आणि उजवं डावीकडून. कुणाच्याच लक्षात आलं नाही. मी चार दिवस ऐकून छातीठोकपणे सांगितलं, "डावं बरं. डावीकडं बाई समोर बसून गाते." वन्संनी आनंदानं उजवी बाजूही तशीच बदलली. मग केव्हातरी झाडताना उलटी जोडलेली वायर दिसली. मी ज्याचं कौतुक केलं होतं ते कंपनीचं जुनंच होतं... हे हसून हसून बेजार. मला वाटलं आता आमचा हा खेळ संपला. वन्सं मात्र हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. खुर्ची ओढली, डबी उघडली आणि दोन्ही बाजूंचं सगळं नवं काढून जुनं परत घातलं. मी म्हटलं, "अहो वन्सं, माझं काय एवढं मनावर घेता?" तर म्हणाल्या, "तुला ठाऊक नव्हतं, म्हनूनच ते खरं."

त्यांच्या कानांचं लक्षात आलं तो दिवस मला विसरता येत नाही. शिट्टीसारखा एकच आवाज हळूहळू वर चढत बारीक होत जातो अशी एक डिस्क त्यांच्याकडे होती. दोघींनी हात वर धरायचे, ऐकू येईनासं झालं की खाली. वन्संचा हात फार लवकर खाली आला. माझा वरच होता. "अजून येतोय?" "येतोय." "अजून?" ...मी मान डोलावली. त्यांनी डिस्क काढली, पदरानं पुसली, खोक्यात ठेवली. "कारखान्यात कंप्रेसरशेजारी जन्म काढला, त्यानं वरचा आवाज खाल्ला," एवढंच म्हणाल्या. आवाजासाठी एवढा जीव टाकणाऱ्या बाईला निम्मा आवाज ऐकूच येऊ नये? पण त्या थांबल्या नाहीत. "हात माझे चालतात ना? कान तुझे." त्यानंतर माझं ऐकणं गमतीचं राहिलं नाही. मी चुकीचं सांगितलं तर त्यांचं काम चुकणार होतं, आणि त्यांना ते कळणारही नव्हतं.

त्यांचा स्वतःचा एक प्लेअर होता, नोकरीत कायम झाल्यावर घेतलेला. त्याला त्यांनी कधी स्क्रू ड्रायव्हर लावला नव्हता. ती आमची मोजपट्टी. बाकी सगळे त्याच्याशी ताडून बघायचे. यंदा पाऊस सरल्यावर एका दुपारी मी चहा घेऊन गेले तर तोच टेबलावर उघडा. मी चहा तसाच धरून उभी राहिले. "आता मोजून काय करायचं," वन्सं म्हणाल्या, "हा तुझ्यासाठी करते. माझ्यामागं तू ऐकशील ना?" वर्षानुवर्षं जपलेले सगळ्यात चांगले भाग त्यांनी कपाटातून काढले. डावी बाजू पुरी झाली, गाणं लावलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी बोट वर केलं. "आज नाय. चार दिवस." त्याच रात्री त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना पालघरला न्यावं लागलं.

त्या गेल्यावरही मी ऐकत राहिले, चार दिवस पुरे केले. ते चार दिवस कसले होते ते सांगायला नको. माणसं भेटायला येत होती, मधे वेळ मिळाला की मी खोलीत जाऊन बसत होते. उत्तर मला पहिल्याच दिवशी आलं होतं आणि ते बदलावं असं मनापासून वाटत होतं. बदललं नाही. डावीकडे सगळं अधिक लख्ख आहे, पेटीचा भाता हलतो तोही कळतो, पण गाणारीच्या शब्दांतला प्रत्येक 'स' शिट्टीसारखा टोचतो. फोडणी जरा करपली आहे. वन्संना तो 'स' ऐकूच आला नसणार. हातांना जे सगळ्यात चांगलं ठाऊक होतं ते त्यांनी घातलं.

हे म्हणाले, बोईसरला एक जण आहे, जुनं परत बसवून देईल, ताईचा नियमच होता. होताच. गोळ्यांची डबी अजून कपाटात आहे, बल्ब पेटता आहे. मी एका दुपारी दार लोटून घेतलं आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून मोठ्यानं सांगितलं, "वन्सं, उजवं बरं." इतकी वर्षं खरं सांगत आले, शेवटचं खोटं कसं सांगू? मग रडले. जुनं परत बसवायचा त्यांचा नियम मात्र माझ्याच्यानं पाळवत नाही. रोज मागचं आवरून झालं की मी त्या खोलीत जाते, तेच गाणं लावते आणि बटण पूर्ण डावीकडे फिरवते. 'स' येतो, टोचतो, आणि मी बटण तिथंच राहू देते.