अर्ध्या गुणाची रत्नागिरी

आंबा घाट उतरून साखरपा मागे पडलं की बसच्या खिडकीतून येणारी हवा बदलते. ती ओलसर होते आणि अंगाला चिकटून राहते. एप्रिल संपत आला होता. पालीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) उन्हात तापलेला दिसत होता आणि मधूनच एखादी आंब्याची बाग गर्द सावली धरून उभी होती. पुण्यात मी कॉफी बनवायला शिकवते. रत्नागिरीत पहिल्यांदाच कॉफीची स्पर्धा होणार होती आणि तिथल्या तीन परीक्षकांपैकी मी एक होते.

स्टँडवर उतरल्यावर पिशवी उघडली, तेव्हा लक्षात आलं की कॉफी चाखायचे चमचे घरीच राहिले. बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात गेले.

"खोलगट चमचे आहेत का?"

"सुपाचे देऊ?" दुकानदारांनी विचारलं. "कशाला हवेत?"

"कॉफी चाखायला."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "कॉफी चमच्याने पितात काय तुमच्याकडे?"

मी स्पर्धेबद्दल सांगितलं. त्यांनी चमचे कागदात गुंडाळले आणि म्हणाले, "उद्या येतो बघायला. दुकान दुपारी बंदच असतं."

ते खरोखर आले. दुसऱ्या दिवशी सभागृहात साठेक माणसं जमली होती. स्पर्धक आठ होते. सगळ्यांना चिकमगळूरचे एकाच प्रतीचे दाणे दिले होते. नऊ मिनिटांत तीन कप कॉफी गाळायची आणि चव समजावून सांगायची. वेळ उलटली तर दर सेकंदाला गुण कापायचे.

सुरुवात व्हायच्या आधी कप मांडत असलेले एक स्पर्धक मला येऊन भेटले. पंचेचाळिशीचे, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. नाव अश्फाक. मस्कतच्या एका हॉटेलात सोळा वर्षं कॉफी बनवायचं काम करून, वडील अंथरुणाला खिळले म्हणून ते परत आले होते. आता भाट्याला पुलापलीकडे त्यांची कॉफीची छोटी टपरी होती.

"इथल्या मोठ्या हाटेलात गेलो होतो काम मागायला," ते म्हणाले. "सर्टिफिकेट विचारलं. नाय म्हटल्यावर वेटर म्हणून घेतो बोलले. सोळा वर्षं हातात हायत ओ मॅडम, कागदावर नायत."

कॉफी करायला तिसरी आली सानिका. चोवीस वर्षांची, संगमेश्वरच्या आतल्या एका गावातली. रोज एसटीने रत्नागिरीला येऊन ती एका कॅफेत काम करायची. तिने कप आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "पहिल्या घोटाला पिकलेल्या रातांब्याची (कोकमाच्या फळाची) साल लागेल. गार झाल्यावर काकवीसारखी गोडी येईल." परदेशी फळांची नावं पाठ करून सांगणारे स्पर्धक मी पुष्कळ पाहिलेत. हिने आपल्या परसातलं फळ सांगितलं होतं. मी घोट घेतला. रातांबा मी कधी खाल्ला नव्हता, पण जिभेच्या कडेला आंबट-गोड असं काहीतरी आलं आणि मागून खरोखर काकवी आली.

अश्फाक शेवटचे होते. ते फार बोलले नाहीत. किटलीतून पाण्याची धार पडत होती ती जणू एका जागी थांबलेली वाटत होती, इतका हात स्थिर. ते पाहता पाहता मी भान विसरले आणि विचारून बसले, "हात इतका स्थिर कसा राहतो?"

त्यांनी किटली खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि नम्रपणे म्हणाले, "सवयीने, मॅडम. मस्कतला रोज दोन-दोनशे कप व्हायचे." मग किटली पुन्हा उचलली.

कॉफी अप्रतिम होती, पण त्यांना अकरा सेकंद जास्त लागले. फळ्यावर गुण लिहिले गेले. सानिका पहिली, अश्फाक तिसरे. पहिला येईल त्याला मुंबईच्या फेरीत जायचं होतं.

कॉफी तयार होईपर्यंत परीक्षकाने बोलायचं नाही, हा पहिला नियम. तो मी स्वतः माझ्या विद्यार्थ्यांना शिकवते. फळ्याकडे बघताना मला माझा प्रश्न आठवला. कोणाच्याही लक्षात आलेलं नव्हतं. गप्प बसले असते तर निकाल तसाच लागला असता. मी उठले आणि मुख्य परीक्षक नाडकर्णी यांना सगळ्यांसमोर सांगितलं, "त्यांचा वेळ माझ्यामुळे गेला. मी मध्ये बोलले."

"राहू दे ओ मॅडम," अश्फाक म्हणाले. "पाहुण्याने विचारलं की हातातलं ठेवून उत्तर द्यायचं, तसंच शिकवलेलं आमाला."

नाडकर्णींनी नियमांचे कागद चाळले. "फेरी परत घेता येईल," ते म्हणाले, "पण गुण फळ्यावर आलेत. आता बाकीच्यांची हरकत नसेल तरच."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. सानिका फळ्याकडे पाहत होती. तिचं नाव सर्वांत वर होतं. मग ती म्हणाली, "घेऊ दे. मलापण बघायचंय नीट."

या वेळी माझ्या खुर्चीवर दुसऱ्यांना बसवलं. अश्फाकनी वेळेत तीन कप पुढे केले. ते सानिकापेक्षा अर्ध्या गुणाने पुढे गेले. टाळ्या वाजल्या. सानिकानेही वाजवल्या आणि मग ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. तिच्याजवळ जायचं माझ्या मनात आलं, पण धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अश्फाकनी सगळ्यांना भाट्याला बोलावलं होतं. आठांपैकी सहा जण आले. सानिकाही आली, बरोबर घरचे रातांबे घेऊन. अश्फाकच्या पत्नी शबानाभाभींनी घावणे (तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी) आणि नारळाचा रस केला होता. समोर ओहोटी लागली होती आणि सुरूच्या झाडांतून वारा येत होता. सानिकाने रातांबा फोडला, साल प्रत्येकाच्या हातात दिली आणि म्हणाली, "चावा. लगेच थुंकू नका." मग कॉफीचा घोट घ्यायला लावला. अश्फाकनी डोळे मिटून आणखी एक घोट घेतला.

"सोळा वर्षं कॉफी पाजली लोकांना," शेवटी ते म्हणाले. "चव अशी कोणी सांगितली नाय. मुंबईला मदतनीस न्यायची मुभा हाय. मी गाळीन, तू बोल."

"सुट्टी मिळते का बघते," सानिका म्हणाली. तिचा चेहरा मात्र सुट्टी मिळाल्यासारखाच झाला होता.

त्याच मोठ्या हॉटेलच्या व्यवस्थापकांचा सकाळीच फोन आला होता, हे शबानाभाभींनी मला हळूच सांगितलं. कॉफीचं काम सांभाळायला बोलावलं होतं. "यांनी सांगितलं, टपरी सोडणार नाय. तिथल्या पोरांना शिकवायला आठवड्यातनं दोन दिवस येईन." मंगळवारी संध्याकाळी सगळ्यांनी टपरीवर जमायचं, असंही त्या सहा जणांनी तिथेच ठरवून टाकलं.

सानिका मला स्टँडवर सोडायला आली. बस लागली होती.

"मॅडम, तुम्ही सांगितलं नसतंत तर कोणाला कळलं असतं?"

"नाही."

"मग का सांगितलंत?"

"त्यांची कॉफी चांगली होती."

"माझीपण होती," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती.

"होती," मी म्हणाले. "मी तेवीस वर्षं कॉफी चाखतेय. तुझी विसरणार नाही."

ती हसली, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. घाट चढेपर्यंत मला तोच चेहरा दिसत राहिला. स्पर्धा म्हणजे एकाला निवडायचं काम, असंच मी आजवर धरून चालले होते. रत्नागिरीत एकाच गावात काम करणाऱ्या आठ जणांनी एकमेकांचं काम स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं होतं. आणि जिचा पहिला नंबर माझ्या एका प्रश्नामुळे गेला, तिने मला स्टँडपर्यंत सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात माझा वर्ग होता. विद्यार्थी वह्या काढून बसले होते. रत्नागिरीत माझं काय चुकलं ते मी त्यांना आधी सांगितलं, आणि मगच पाणी तापायला ठेवलं.