मीठ पाहून सांगजो

कोणाचं डोकं फोडून घरी आला की तो आधी अंगणात परात पालथी घालायचा आणि तिच्यावर मुठीने तीन दणके द्यायचा. आळीला कळायचं. बायका कुडावरून विचारायच्या, "आज कोन गा?" तो नाव सांगायचा आणि विळा घेऊन कोंबडीमागे धावायचा.

दवनीवाड्याकडच्या धानाच्या गावांत जे राहिले असतील त्यांना आश्विनातली भांडणं ठाऊक असतील. धान पोटरीत असतं, तलाव तळाला गेलेला असतो आणि प्रत्येकाला वाटतं, शेजारी आपलं पाणी चोरतो आहे. मग फावडी उगारली जातात. आमच्या गावात यावर जुना कायदा होता. मारणाऱ्याने मार खाणाऱ्याला आपल्या अंगणात बोलवायचं, स्वतःच्या हाताने रांधायचं आणि सगळं एकाच परातीत वाढायचं. पहिला घास मार खाणाऱ्याचा. तो 'मीठ बरोबर आहे' म्हणाला की पंच एकेक घास घेत आणि मारणाऱ्याच्या बांधीला, म्हणजे भातखाचराला, तलावाचं पाणी देणारी बंद केलेली मोरी उघडत. कमी-जास्त म्हणाला की परात परत, मोरी बंद. मीठ बरोबर असूनही राग गेला नसेल तर लोक 'कमी आहे' म्हणत, आणि तेही सगळे समजून घेत.

इतर पुरुषांना वर्षातून एकदा रांधावं लागे. याला चार-पाच वेळा. त्यामुळे हा पंचक्रोशीतला सर्वांत उत्तम स्वयंपाकी झाला होता.

मी ती परात पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला त्या गावात शाळामास्तर होऊन महिनाच झाला होता. पाढे चुकले म्हणून मी त्याच्या मुलीच्या हातावर छडी मारली. दुपारी तो सरळ वर्गात शिरला आणि त्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला. माझे दोन दात रक्ताबरोबर जमिनीवर पडले. "माह्या पोरीले माराचं तर मी मारन," तो म्हणाला, "तू कायले मारतं?"

संध्याकाळी मी त्याच्या अंगणात बसलो. मधोमध उकड्या तांदळाचा भात, एका कडेला लाखोरीचं घट्ट वरण, दुसऱ्या कडेला मरळ माशाचा रस्सा. कोंबडीचे तुकडे, रानडुकराची कुरकुरीत तळलेली चरबी, कच्च्या केळ्याचे काप, जवसाची चटणी, वर तांदळाची जाड भाकर आणि तिच्यावर अख्खं अंडं. तो समोर उकिडवा बसला. "मीठ पाहून सांगजो."

माझ्याने चाववेना. त्याने ते पाहिलं. ज्या हाताने दात पाडले होते त्याच हाताने त्याने माशाचा एकेक काटा काढला, भातात मऊ कालवला आणि घास माझ्या बोटांशी ठेवला. "मास्तर, हळू. घाई नाही."

मीठ अगदी बरोबर होतं. त्याचं मीठ कधीच चुकत नसे.

पुढे माझा थोरला भाऊ वहिनीला घेऊन माझ्याजवळ आला आणि त्याने चार बांध्या घेतल्या. त्या नेमक्या याच्या बांध्यांना लागून. दादा तापट नव्हता, पण एका आश्विनात त्याने याची पाण्याची पाळी संपायच्या आधी मधला धुरा, म्हणजे बांध, फोडून पाणी आपल्याकडे वळवलं. मी शाळेत होतो. कोणी सांगत आलं तेव्हा खडूच्या हातांनीच धावलो. फावड्याचा दांडा दादाच्या कपाळावर बसला होता आणि डोकं मागे मोरीच्या दगडावर आपटलं होतं. दगडावरून वाहणारं पाणी लाल होऊन खाली दादाच्याच बांधीत जात होतं. मारणारा बाजूला चिखलात बसून पुनःपुन्हा म्हणत होता, "ऊठ ना गा. ऊठ. परात करतो."

तो पळाला नाही. दुसऱ्या दिवशी दादाला अग्नी देऊन आलो, तेवढ्यात त्याच्या अंगणातून आवाज आला. तीन दणके.

गोंदियाहून दारोगा आणि शिपाई आले होते. परात होईतो थांबा म्हणून पंच त्यांच्यापुढे हात जोडून उभे. एक शिपाई ओरडत होता, "चलो, जल्दी करो! दिन डूबने से पहले निकलना है." तो चुलीपुढे होता. धोतरावरचे दादाच्या रक्ताचे डाग काळे पडले होते. म्हातारे पंच माझ्याजवळ आले. "मेलेल्याच्या जागी सख्खा भाऊ बसते, मास्तर. तुमी नाही बसले तर याचं धान आठ दिवसांत वाळन. घरी बायको, पोरगी. पाहा तुमी."

वहिनी माझ्यामागून आली होती. मोकळ्या कपाळाने ती कुडाशी उभी राहिली आणि किंचाळली, "पाणी मांगते? माह्या मालकाचं रक्त सांडवलं ना यानं! भाऊजी, कमी हाये म्हना! वाळू द्या!"

मी बसलो. सुतकात होतो, समोर मासळी होती. परातीत सगळं होतं, त्याच क्रमाने. माशाचे काटे आधीच काढून ठेवले होते. पलीकडे त्याची मुलगी दाराची चौकट धरून माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिच्या हाताला ती छडी लागली होती.

"मीठ पाहून सांगजो," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी घास घेतला. भातात मीठ नव्हतं. वरणात नव्हतं. मी रस्सा चाखला. त्यातही नव्हतं. सगळ्या परातीत एक खडा नव्हता. खरं बोललो असतो तरी त्याचं धान वाळलं असतं, आणि मला कोणी बोल लावला नसता.

"मास्तर?" म्हाताऱ्या पंचांनी विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

वहिनीने कुडावर कपाळ आपटलं, एकदा, दोनदा. बायकांनी तिला धरलं. त्याने हात धुतले, बायका पदराला पुसतात तसे त्याच धोतराला पुसले आणि शिपायापुढे धरले. नंतर तो कधी परत आला नाही. तिकडेच तुरुंगात तापाने गेला.

त्या दिवशी त्याला दोरीने बांधून तलावाच्या काठावरून नेत होते. खाली मोरी उघडली गेली होती, त्याच्या बांधीत पाणी शिरत होतं. त्याआधी अंगणात पाचही पंच परातीभोवती बसले होते आणि एकेक घास घेऊन उठले होते. मिठाबद्दल कोणी काही बोललं नव्हतं.